टोपी काढ, कॅप्टन!

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी माफी मागितलेली नाही, आणि मागणारही नाही!

आमच्या हॅचर्स फोर्ड गावात गेली सात वर्षं झॉम्बींच्या मालिकेचं चित्रीकरण चालतं. इथे जॉर्जियात आता त्याचं कुणाला अप्रूप राहिलेलं नाही. दुकानाच्या रांगेत सडक्या गालाचा माणूस पुढे उभा असला, तर आपण "आई कशी आहे रे तुझी?" एवढंच विचारतो. पण या वर्षीची गोष्ट वेगळी होती. हंगामाच्या मध्यावरचा शेवटचा भाग होता. म्हणजे अर्धी मालिका दाखवून झाली की लोकांना दोन महिने टांगून ठेवतात ना, त्याआधीचा दणदणीत भाग! आणि त्या भागात नायकाला, म्हणजे खुद्द कॅप्टनला, चावणार होते मी.

हो, मी! ल्यूडीन टगल, वय चौऱ्याहत्तर, एकेचाळीस वर्षं तिसरीच्या वर्गाची शिक्षिका, आणि सगळे दात स्वतःचे. साठ झॉम्बींमधून दिग्दर्शकाने मलाच निवडलं. ब्रेंट क्विस्ट त्याचं नाव. कॅलिफोर्नियाचा, वय असेल तिशीचं.

"तुमच्या नजरेत काहीतरी भयंकर आहे," तो म्हणाला.

"बाळा, ती पाढे विचारायची नजर आहे," मी म्हटलं.

मग काय, गावभर दवंडी! वाचनालयात मी दर शनिवारी मुलांना गोष्टी सांगते, त्यांना सांगितलं. चर्चमध्ये सांगितलं. तो भाग लागेल त्या रविवारी संध्याकाळी सगळ्यांनी चर्चच्या सभागृहात जमायचं, पडद्यावर बघायचं, असंही ठरवून टाकलं. गाण्याच्या मंडळात ओपलीन माझ्या शेजारी उभी राहते आणि तीस वर्षं मला टोमणे मारते. ती म्हणाली, "चावशील ग तू, पण दाखवतील का?"

"मानेचा लचका तोडणार आहे! तू फक्त बघत राहा!" मी म्हटलं.

चित्रीकरणाच्या दिवशी दुपारी आम्ही साठजण कोर्टासमोरच्या चौकात उभे. दृश्य सोपं होतं. कॅप्टन लाकडी फाटकामागे कुऱ्हाड घेऊन उभा, आम्ही फाटक मोडून आत घुसायचं, आणि मी त्याची मान धरायची. अडचण एवढीच होती, की साठातले बावन्न झॉम्बी तिसरीत माझ्या वर्गात होते.

"सुरू!" ब्रेंट भोंग्यातून ओरडला.

मी लंगडत, गुरगुरत निघाले. मागून काही आवाजच येईना. वळून बघते तर सगळे माझ्या मागे एका रांगेत! बुटके पुढे, उंच मागे, प्रत्येकात एक हात अंतर.

"अरे, तुम्ही मेलेले आहात!" ब्रेंट किंचाळला. "मेलेले रांग लावत नाहीत!"

डेलमरने हात वर केला. डेलमर आता पन्नाशीचा आहे, गावचे नळ दुरुस्त करतो. त्या दिवशी त्याचा एक डोळा गालावर लोंबत होता. "सर, बाई पुढे असताना ढकलाढकली कशी करायची?"

दुसऱ्या वेळी रांग मोडली, फाटकही मोडलं. पण फाटकाची एक फळी लटकत राहिली, आणि ती डेलमरने हाताने धरून ठेवली. "आधी बायका जाऊ देत."

"थँक्यू, डेलमर," म्हणत केशकर्तनवाली रायेटा आत गेली. तिच्या मागून बाकीच्या नरभक्षक बाया, एकेक जण थँक्यू म्हणत! शेवटच्या बाईने तर पाय पुसले.

ब्रेंटने डोकं धरलं. "आता एकच फाटक उरलंय. तासाभरात ऊन जाईल. या वेळी चुकलं तर चावा रद्द! नुसतं फाटक पडलेलं दाखवेन!"

चावा रद्द? ओपलीनचं तोंड माझ्या डोळ्यांपुढे आलं. मी सगळ्यांना गोळा केलं. "मुलांनो, आज ढकला. ओरडा. घाण करा. बाईंची परवानगी आहे."

"खरंच, बाई?"

"फक्त आजच्या दिवस!"

काय सांगू तुम्हाला! एकेचाळीस वर्षं दाबून ठेवलेला दंगा बाहेर पडला. गुरगुरणं, फरफटणं, एकमेकांच्या अंगावर पडणं. माझ्याही अंगावर काटा आला, आणि मला तर आतली माणसं ठाऊक होती. फाटक दहा पावलांवर आलं. मी दात विचकले.

आणि कोर्टाच्या कोपऱ्यावरून एक काळी गाडी वळली. उजेड असतानाच दिवे लावलेली, हळूहळू येणारी. तिच्यामागे तशाच दिवे लावलेल्या दहा गाड्या.

अंत्ययात्रा!

रस्ता बंद होता म्हणता? होताच. नाक्यावर हार्लन शिपाई उभा होता. त्याने सकाळपासून दूधवाल्याला अडवलं होतं, महापौरांनाही अडवलं होतं. पण अंत्ययात्रेला कोण अडवेल? त्याने स्वतःच्या हाताने अडथळा बाजूला केला आणि टोपी छातीशी धरून उभा राहिला.

आमच्याकडे अंत्ययात्रा दिसली की माणूस थांबतो. गाडी कडेला घेतो, टोपी काढतो. कोण गेलं हे विचारत नाही. माझे वडील शेतात नांगर थांबवायचे. मीही थांबले. हात छातीवर ठेवला. मागे बाकीचे सगळे थांबले. डेलमरने टोपी काढली, तिच्याबरोबर त्याचा एक कानही निघून आला. तो त्याने टोपीत ठेवला.

"चालत राहा!" भोंगा कोकलत होता. "कॅमेरे चालू आहेत! थांबलात का?"

कुणी हललं नाही. आणि फाटक तर यंत्रावर लावलेलं. ठरल्या क्षणी ते आपोआप पडलं. धडाम! धूळ बसली, तर मधोमध कॅप्टन उभा. हातात कुऱ्हाड, तोंड उघडं, आणि डोक्यावर ती प्रसिद्ध टोपी. सात वर्षांत त्याने ती पाण्यात पडल्यावरही काढली नव्हती. हा मुलगाही कॅलिफोर्नियाचाच, त्याला कोण शिकवणार?

मी त्याच्याकडे पाहिलं. पाढ्यांची नजर. ओठ जेमतेम हलवले. "बाळा, टोपी."

त्याने काढली. टोपीबरोबर केसही आले! खाली लख्ख पौर्णिमा!

काळ्या गाडीमागच्या गाडीची काच खाली झाली. आत एक म्हातारे गृहस्थ होते, जाड भिंगांचा चष्मा लावलेले. त्यांनी आम्हा साठ कुजलेल्या मुडद्यांवरून नजर फिरवली, आणि मान लववून म्हणाले, "आभारी आहे. माझ्या बायकोसाठी इतकी माणसं येतील असं वाटलं नव्हतं." मग माझ्याकडे निरखून पाहिलं. "ताई, तुमची तब्येत काही बरी दिसत नाही. जपा हो."

"जपते, दादा," मी म्हटलं.

शेवटची गाडी गेली, आणि ब्रेंट धावत आला. "कोण होतं ते? ओळखीचं होतं?"

"नाही."

"मग थांबलात कशाला?"

"माणूस गेलं होतं."

"तुम्हीसुद्धा गेलेल्या आहात! झॉम्बी आहात तुम्ही!"

"मग तर जास्तच थांबायला हवं. आमच्यातलंच कुणी होतं!"

तो लालबुंद झाला. "माफी मागा, नाहीतर निघा! फाटक संपलं, ऊन संपलं, तुमचा चावाही संपला!"

तुम्हाला सांगते, त्या चाव्यासाठी महिनाभर सफरचंदांवर सराव केला होता! पण मी म्हटलं, "पुन्हा अंत्ययात्रा आली तर पुन्हा थांबेन." आणि निघाले. मागे वळून पाहिलं, तर बाकीचे सगळेही निघाले होते. रांगेत.

तो भाग लागायचा रविवार उजाडला. घरी बसून राहायचा विचार मनात आला होता, पण तेवढ्यात ओपलीनचा फोन. "येतेस ना ग? लचका बघायचाय!" मग तर मी गेलेच! केळ्याचं पुडिंग घेऊन थेट पहिल्या रांगेत बसले. हसा काय हसायचं ते!

पडद्यावर झुंड आली. गुरगुरली. आणि थांबली. गाड्या दाखवल्याच नाहीत! नुसते साठ मेलेले, छातीवर हात ठेवून, निश्चल उभे. फाटक पडलं. कॅप्टन दिसला. मग माझा चेहरा, भिंतीएवढा. ओठ हलले, आवाज नाही. कॅप्टनने टोपी काढली. पडदा काळा! बाकीचं दोन महिन्यांनी!

मग ओपलीन म्हणाली, "चावली नाहीच शेवटी." पण तिचा आवाज बारीक झाला होता. हळूच तिने डोक्यावरची पिसांची हॅट काढून मांडीवर ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून देशभर एकच चर्चा. मेलेल्यांना राणी आहे! तिने कॅप्टनला कोणता मंत्र दिला? त्याचे केस एका शब्दात कसे गळाले? वाचनालयातली मुलं मी आत शिरले की आपोआप उभी राहतात.

ब्रेंटचं पत्र आलं. माफीचा विषयच नाही! राणीची भूमिका देतोय, या म्हणे. मी कळवलं, येते, पण चावायला मिळालं पाहिजे. उलट टपाली उत्तर: वेळ नाही, पहिल्याच भागात दुसऱ्या मिनिटाला कॅप्टन तुमचं डोकं उडवतो.

उडवू दे. मी होकार दिलाय. फक्त त्याला बजावून ठेवलंय, कुऱ्हाड उचलायच्या आधी टोपी काढायची!