उजवीकडची मधली जागा

आमचे शेजारी पराते काका दर उन्हाळ्यात आपल्याच घराच्या हॉलमध्ये विमानात बसतात.

यात काडीची अतिशयोक्ती नाही. टोरांटोला लेकीकडे जायचं ठरलं की जेवणाच्या टेबलाच्या तीन खुर्च्या हॉलच्या उजव्या भिंतीला चिकटवून ओळीने मांडल्या जातात. समोर सोफ्याची पाठ येते. ती गुडघ्यांना टेकते की नाही हे काका स्वतः बसून बघतात, आणि टेकत नसेल तर सोफा आणखी मागे ओढतात. भिंतीकडची खुर्ची काकूंची, मधली काकांची आणि बाहेरची माझी. नागपूरच्या सदर भागातलं माझं चष्म्याचं दुकान रविवारी बंद असतं, हे त्यांना पाठ आहे.

"बस गा अनिल. आता दुपार होईपर्यंत उठाचं नाही."

"पण काका, खऱ्या विमानाचं तिकीट आहे ना तुमच्याकडे. हे कशाला?"

काका सरळ समोर सोफ्याकडे बघत राहत. त्यांचा नियमच तसा होता. विमानात बाहेरच्या शेजाऱ्याशी बोलायचं नाही. मी डाव्या बाजूला बसून काय वाटेल ते बडबडलो तरी ढिम्म. काकू तिकडून काही म्हणाल्या की मात्र लगेच उत्तर. मला याचा मनस्वी राग यायचा. माझा रविवार घ्यायचा आणि वर मलाच परका करायचं, ही कुठली रीत?

मग जेवण यायचं. म्हणजे काकूच उठून आणायच्या, कारण हवाई सुंदरी त्याच. इस्त्रीची फळी मांडीवर आडवी टाकून त्यावर तीन लहान डबे. "कोपर पोटाले!" काका हुकूम सोडत. "कोपर बाहेर गेला का दुसऱ्याच्या देशात गेला समज." अशा अवस्थेत कोथिंबिरीची तळलेली सांबारवडी खाऊन बघा एकदा. मी खाल्ली आहे.

लांबच्या प्रवासाचं त्यांचं एक अख्खं शास्त्र आहे. जेवणाची गाडी मागून निघाली की आधी संडासला जाऊन यावं, नंतर रांग लागते. जोडे काढावेत पण लांब सरकवू नयेत. गळ्यातली फुगवायची उशी हा भामटेपणा आहे, त्यापेक्षा आपला उन्हातला दुपट्टा बरा. तो ते नागपुरी पद्धतीने डोक्यावरून, कानावरून घेऊन हनुवटीखाली गाठ मारतात आणि म्हणतात, "एसीची हवा काही आपल्या ओळखीची नसते." चढल्या चढल्या हवाई सुंदरीच्या हातात संत्रा बर्फीचा डबा द्यायचा. त्यानंतर पाणी मागायला बटण दाबावं लागत नाही. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे जागा. विमानाची उजवी बाजू. खिडकीशी काकू, मध्ये काका. मधली जागा फुकट दिली तरी लोक नको म्हणतात. हा माणूस ती आग्रहाने मागून घेतो.

"डाव्या बाजूनं ऊन येते," हे कारण. विमान वळलं तर उन्हाचं काय, हे विचारायची सोय नाही.

काकांच्या या ताठ्याला इतिहास आहे. त्यांचे वडील उमरेडला हातमागावर लुगडी विणायचे. मागाखाली खड्डा, त्यात पाय सोडून दिवसभर बैठक. "माह्या बापाले कोनी विचारलं का, की बाबूजी पाय लांब कराले जागा पुरते का? थो त्या खड्ड्यात बसून आमच्या शाळेची फी विणे. अन् हे लोक चार घंटे बसले का रडतात, गुडघे गेले, कंबर गेली." स्वतः काका खापरखेड्याच्या वीज केंद्रात टर्बाइनजवळ सारी नोकरी करून निवृत्त झाले. तिथल्या आवाजात बोलायची सवय लागलेली, त्यामुळे ते घरात काकूंना चहा मागतात तेव्हा आमच्या घरी चहा ठेवला जातो.

काकू अगदी उलट. सावनेरच्या शाळेत इंग्रजी शिकवलेल्या, हळू आवाजाच्या. नवऱ्याच्या या सगळ्या कवायतीत त्या एकदाही हसल्या नाहीत की वैतागल्या नाहीत. मला वाटे, बिचारी बाई सवयीने गप्प झाली असेल.

यंदा मात्र गंमत राहिली नाही. त्यांची एकुलती एक लेक रोहिणी हिने फोनवर सांगितलं की या वेळी तुम्ही दोघं बिझनेस क्लासने यायचं, तिकिटं मी काढते. काकांनी "नोको" म्हटलं आणि फोन काकूंच्या हातात दिला. तिने पुन्हा केला. पुन्हा "नोको", पुन्हा फोन काकूंकडे. तिसऱ्या वेळी तिने मला फोन केला आणि रडली.

"अनिलदादा, बाबांना माझं काहीच का घ्यायचं नसतं? दोन शब्द बोलतात आणि आईकडे फोन देतात. मी काय परकी आहे का? मी किती वर्षं वाट बघितली की एकदा आई-बाबांना पाय पसरून, झोपून आणता येईल. या वेळीही ऐकलं नाही ना, तर मी पुन्हा कधी त्यांना काही म्हणणार नाही."

मी त्याच रागात काकांकडे गेलो. म्हटलं, लेकीचं मन मोडता, शोभतं का? काकू त्यांच्याकडे झुकून काही बोलल्या, आणि काका खुर्चीत दुपट्टा झटकत म्हणाले, "आपली जागा ते आपली जागा. पलंग टाकून मंगळावर नेलं तरी मी नाही जात." बस. विषय संपला.

योगायोगाने मलाही त्याच सुमाराला टोरांटोला धाकट्या भावाकडे जायचं होतं. काकांनी परस्पर माझं तिकीट आपल्या ओळीत काढायला लावलं. बाहेरची जागा. कवायत वाया जायला नको ना!

दिल्लीला विमानात चढायच्या फाटकाशी तमाशा झाला. तिथल्या मुलीने काका-काकूंचे पास मशीनला लावले, मशीन वाजलं, आणि तिने हसत हसत दोन नवे पास पुढे केले. "सर, आपकी बेटी ने सरप्राइज दिया है. आप दोनों बिझनेस क्लास में."

रोहिणीने गुपचूप पैसे भरले होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काकूंनी पास हातात घेऊन जागांचा छोटा नकाशा बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला, तेही मला दिसलं, पण तेव्हा अर्थ लागला नाही. त्यांनी काकांच्या उजव्या बाजूला सरकून हळूच काहीतरी सांगितलं.

आणि काका पेटले.

"हमको हमारी सीट होना! राइट साइड, बीच वाली!"

"सर, ये फ्लैट बेड है. आप सो सकते हैं." काकूंनी तेही त्यांच्या कानाशी सांगितलं.

"सोने के लिए हमारे घर में पलंग है! सीट दो!"

मागची रांग थांबली. लोक गालात हसायला लागले. एक सुटातला गृहस्थ मला म्हणाला, यांना नको असेल तर मला द्यायला सांगा. त्या मुलीने वरिष्ठाला बोलावलं, त्याने समजावलं, काका त्याच्याकडे बघतही नव्हते. दुपट्ट्याची गाठ आवळून फाटकाच्या मधोमध उभे. शेवटी वरिष्ठानेच हात टेकले. जुन्या जागा अजून कोणाला दिल्या नव्हत्या. काकांनी आपले पास परत मिळवले आणि एखादं राज्य जिंकल्यासारखे आत शिरले. मी मागून जाताना मान वर करू शकलो नाही. मनात म्हटलं, रोहिणी, तुझे बाबा खरोखरच दगड आहेत.

विमान उडालं. मी ठरवलं होतं, आता या माणसाशी बोलायचंच नाही. त्याने काही फरक पडला नाही, कारण त्यांचा नियम होताच.

जेवण झालं, दिवे मंद झाले, आणि मग काकांचा करमणुकीचा कार्यक्रम सुरू झाला. दोघांनी आपापल्या पडद्यावर एकच इंग्रजी सिनेमा काढला. काकांनी बोट पडद्यावर धरलं, काकूंनीही धरलं. "एक, दोन, तीन, दाब!" काकूंचा जरा उशीर झाला. "थांब वं! पुन्हा पहिल्यापासून." तिसऱ्या खेपेला दोन्ही सिनेमे बरोबर चालू लागले.

काकांनी कानाला लावायची वायर पिशवीतून काढलीसुद्धा नाही. पडद्यावर माणसं बोलू लागली आणि काकांनी त्यांचे संवाद काकूंना सांगायला सुरुवात केली. टर्बाइनच्या आवाजात, वऱ्हाडीत.

"थे बाई म्हनते, काहून आला रे तू इथं? थो म्हनते, तुयी गाय आमच्या वावरात शिरली."

पडद्यावर न्यूयॉर्कची एक कचेरी होती. गाय कुठेच नव्हती.

"आता थो साहेब चिडला. म्हनतो, लग्नाची तारीख काढा, नाहीतर मी चाललो सावनेरले."

पुढच्या ओळीतलं एक मराठी जोडपं आपला सिनेमा थांबवून मागे कान लावून बसलं. पलीकडच्या ओळीतल्या एका कॅनडाच्या म्हाताऱ्याला काही कळत नव्हतं, तरी तो काकांचे हातवारे बघून हसत होता. हवाई सुंदरी आवाज कमी करा म्हणायला आली. आधी काकूंनी हसून तिची माफी मागितली, मग काकांच्या कानाशी झुकून काही म्हणाल्या. काकांचा आवाज जरा खाली आला. सुंदरीने बर्फी खाल्लेली होती, तीही जास्त काही बोलली नाही.

सिनेमा संपला आणि काका शास्त्राप्रमाणे, गाडी येण्यापूर्वी, मागे गेले. मी संधी साधली.

"काकू, राग नका मानू. पण आज रोहिणीला काय वाटलं असेल? एवढा कसला हट्ट?"

काकूंनी आधी मागे वळून बघितलं. मग म्हणाल्या, "भाऊ, त्याईले डाव्या कानानं काहीच ऐकू येत नाही. टर्बाइननं नेला थो. उजवा थोडासा उरला आहे. मी त्या बाजूनं अगदी जवळ बोलले, तर समजते."

मी काकांच्या रिकाम्या जागेत सरकलो.

"पुढच्या त्या जागाईचा नकाशा पाहिला ना मी. दोघाईच्या मधात आडोसा. झोपाले पलंग, पन मी पलीकडं. एवढे घंटे त्याईनं कोनाशी बोलावं? कोन काय म्हनून राहिलं, त्याईले कसं समजावं? म्हनून म्यां फाटकावरच सांगितलं त्याईले. नाहीतर पोरीनं पैसे भरल्यावर थे तिचं मन मोडत नव्हते."

"आणि फोन? रोहिणीला वाटतं, बाबा मुद्दाम बोलत नाहीत."

"फोनमधून तर काहीच समजत नाही त्याईले. पोरीनं दोनदा विचारलं अन् आपन भलतंच बोललो, तर तिले कळन. म्हनून काहीही असो, 'नोको' म्हनते अन् फोन मले देते. कानाचं मशीन नोको म्हनतात. म्हनतात, तिले कळलं का ती म्हनन, आता एकटे राहू नोका, इकडंच या. अन् त्याईले नागपूर सोडाचं नाही."

मला आठवत गेलं. माझे सगळे रविवार, डावीकडची खुर्ची, सोफ्याकडे लागलेली त्यांची नजर. मी किती बोललो होतो त्या बाजूने! त्यातलं एक अक्षरही त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं, आणि मी मात्र दर रविवारी अपमान करून घेऊन घरी जात होतो.

"पण काकू, तो सिनेमा... तुम्हाला तर इंग्रजी येतं."

काकू हसल्या. त्यांनी आपल्या कानातल्या वायरीचं टोक उचलून मला दाखवलं. ते कशातच खोचलेलं नव्हतं.

"सिनेमा का, कोनीही दाखवते," त्या म्हणाल्या. "असा कोन सांगते?"

तेवढ्यात काका आले. माझ्या गुडघ्यांवरून वाट काढून आपल्या मधल्या जागेत बसले, दुपट्टा बांधला, बोट पडद्यावर ठेवलं. "चाल वं, दुसरा लाव. एक, दोन, तीन!"

टोरांटोला बाहेर पडलो तेव्हा रोहिणी उभी होती. तिला विमान कंपनीचा निरोप आधीच मिळाला होता. ती आईच्या गळ्यात पडली, माझ्याकडे बघून मान हलवली आणि बाबांसमोर डोळे कोरडे ठेवून उभी राहिली. मग त्यांच्या डाव्या बाजूने सामानाची गाडी ढकलू लागली आणि खालमानेने म्हणाली, "बाबा, तुम्हाला माझं काहीच नको असतं का?"

काका समोर बघत चालत राहिले.

काकूंनी माझ्याकडे बघितलं. त्या नाही म्हणतात की हो, मला कळलं नाही, आणि मी थांबलोही नाही. मी गाडी तिच्या हातातून घेतली, तिचा दंड धरला, काकांच्या मागून वळवून तिला उजव्या बाजूला आणली आणि म्हटलं, "इथून बोल. अगदी जवळ जाऊन."

तिने माझ्याकडे बघितलं. मग आईकडे. काकूंनी डोळे खाली घातले. रोहिणी हुशार मुलगी आहे, तिला जास्त सांगावं लागलं नाही. तिने दोन्ही हातांनी बाबांचा दंड धरला, हलक्या हाताने दुपट्टा कानावरून बाजूला केला आणि तिथे तोंड नेऊन तोच प्रश्न पुन्हा विचारला.

काका थांबले. बाहेर पडणारी सगळी गर्दी त्यांच्या दोन्ही बाजूंनी जात होती आणि हा माणूस मधोमध उभा. त्यांनी आधी काकूंकडे रागाने बघितलं, मग माझ्याकडे त्याहून रागाने. मग लेकीच्या डोक्यावर हात ठेवला.

"पायजे ना वं," ते अख्ख्या विमानतळाला ऐकू जाईल असं ओरडले. "पन मी नागपूर नाही सोडत, आधीच सांगून ठेवतो!"

"नका सोडू," ती त्यांच्या कानात म्हणाली.

काकांनी दुपट्टा पुरता काढून खांद्यावर टाकला, आणि गाडीपर्यंतच्या वाटेत लेकीला उजव्या हाताला धरून गायीचा सिनेमा पहिल्यापासून सांगायला घेतला.