निकालाआधीची पट्टी

"तीन मिनिटं! फक्त तीन मिनिटं पुरेत मला," कपवाले म्हणाले, "सगळी योजना उताणी पाडतो की नाही बघच तू!"

हे ते बायकोला ऐकवत होते आणि बायको त्यांच्या कोटाला इस्त्री करत होती.

कपवाल्यांचं खरं नाव काय, ते बहुधा तिला एकटीलाच ठाऊक असेल. जुन्या स्टेडियमच्या पायऱ्यांखाली त्यांचं दुकान. चषक विकायचे आणि चषकाखालच्या पितळी पट्टीवर विजेत्याचं नाव कोरून द्यायचं, सव्वीस वर्षं हाच धंदा. दुकान इतकं अरुंद, की गिऱ्हाईक आत आलं की कपवाल्यांनी श्वास आत घ्यायचा! पण होतं ते त्यांचं. आता पालिका म्हणत होती, स्टेडियम पाडायचं, त्या जागी काचेचं क्रीडासंकुल, नाट्यगृह, नाचणारी कारंजी. आणि हे सगळं लोकांच्या करातून!

"म्हणजे माझ्याच पैशांनी माझंच दुकान पाडणार!" कपवाले ओरडले. "वर पाडल्यावर कारंजं बघायला तिकीट काढून जायचं मी?"

"हात बाजूला घ्या," बायको म्हणाली. "बाहीला इस्त्री करू दे."

एवढं असतं तरी त्यांनी दातओठ खाऊन सोडून दिलं असतं. पण चार दिवसांपूर्वी पालिकेचा कारकून दुकानात आला आणि कपवाल्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"एक पट्टी हवी. ठसठशीत," कारकून म्हणाला. "'क्रीडासंकुलास सार्वजनिक निधी देण्याचा ठराव जनसुनावणीनंतर एकमताने मंजूर.' खाली शुक्रवारची तारीख."

"अहो, पण सुनावणीच शुक्रवारी आहे ना?"

"म्हणून तर आधी सांगतोय! सुनावणीलाच घेऊन या. अध्यक्षबाई लगेच अनावरण करतील."

ऐकलंत? लोकांनी अजून तोंड उघडलेलं नाही आणि त्यांचं एकमत पितळेवर! दुसरा कोणी असता तर त्याने कारकुनाला हाकलून दिलं असतं. कपवाल्यांनी गोड हसून ऑर्डर घेतली. भर सभेत हीच पट्टी उंच धरायची आणि पालिकेचं बिंग फोडायचं, असा बेत त्यांनी तिथल्या तिथे शिजवला.

फक्त एक घोळ केला, आणि तो सवयीने केला. अंतिम सामना असला की कपवाले दोन्ही संघांच्या नावाच्या पट्ट्या आदल्या दिवशीच कोरून ठेवत. एक उजव्या खिशात, एक डाव्या. शिट्टी वाजली की जिंकणाऱ्याची पट्टी दोन मिनिटांत चषकावर, हरणाऱ्याची गपचूप भट्टीत. सव्वीस वर्षांत एकदाच फजिती झाली होती. दिवे गेले, सामनाच रद्द झाला आणि दोन्ही पट्ट्या वाया गेल्या. तर आताही मंजुरीची पट्टी झाल्यावर हात थांबेना. त्यांनी दुसरीही कोरली. सगळा मजकूर तोच, शेवटी फक्त 'एकमताने फेटाळला'. आणि नेहमीप्रमाणे दोन्ही कोटाच्या दोन खिशांत टाकल्या.

"अहो, उजवा खिसा उसवलाय," बायको इस्त्री बाजूला ठेवत म्हणाली. "त्यातली पट्टी मी माझ्या पर्समध्ये ठेवतेय. ऐकताय ना?"

"हं, हं," कपवाले म्हणाले. ते आरशासमोर 'बंधूंनो' म्हणताना बोट किती उंच न्यायचं ते ठरवत होते.

सभागृह गच्च भरलं होतं. व्यासपीठावर अध्यक्षबाई, शेजारी संकुलाचं छोटं मॉडेल, त्यात कापसाची झाडं. कपवाल्यांच्या दुकानाच्या जागी चक्क एक प्लास्टिकची बाई कुत्रं फिरवत होती! ते बघून कपवाल्यांना इतका संताप आला, की नाव पुकारण्याआधीच ते माईकपाशी पोहोचले.

"बंधूंनो!" बोट बरोब्बर उंचीवर गेलं. "ही सुनावणी नाही, हे नाटक आहे! निकाल आधीच कोरून ठेवलाय! खोटं वाटतं? हा घ्या पुरावा! अध्यक्षबाई, वाचा! मोठ्याने वाचा!"

त्यांनी खिशात हात घातला, हाताला लागली ती पट्टी काढली आणि टेबलावर आपटली. अध्यक्षबाईंनी चष्मा लावला.

"'...जनसुनावणीनंतर एकमताने फेटाळला,'" त्यांनी वाचलं. मग चष्म्यावरून बघितलं. "निकाल आधीच कोरून ठेवलाय खरा. पण तुम्हीच!"

सभागृहात हशा पिकला. कपवाल्यांच्या पायाखालची जमीन सरकली.

"नाही, नाही! ही ती नव्हे! मी दोन केल्यात! मंजूर पण आणि फेटाळला पण! मी नेहमीच दोन्ही बाजूंच्या करतो!"

हे म्हणजे आगीत तेल. मागच्या रांगेतून स्टेडियमखालचाच दुकानदार, रॅकेटवाला उठला. बिचारा सकाळपासून दुकान बंद ठेवून कपवाल्यांसाठी टाळ्या वाजवायला आला होता.

"दोन्ही बाजूंच्या? म्हणजे आम्ही हरणार हे धरूनच चालला होतात की काय?"

"आणि जिंकलो तर पट्टी आम्हाला विकणार होतात?" शेजारची गुच्छवाली मावशी कडाडली.

"अहो मावशी, धंद्याची सवय आहे ती!"

"सवय घाला चुलीत!"

"खाली बसा!" अध्यक्षबाई म्हणाल्या. "तुमची तीन मिनिटं संपली."

संपलं! सव्वीस वर्षांचं दुकान स्वतःच्या हाताने घालवलं! कपवाल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून ओळखीचा आवाज आला.

"अहो! किती वेळा सांगितलं, ती माझ्याकडे आहे म्हणून!"

बायको पर्स उचकत पुढे आली. तिने कंगवा काढला, रुमाल काढला, घराची किल्ली काढली आणि मग पट्टी काढून माईकवर खणखणीत वाचून दाखवली. 'एकमताने मंजूर.' तारीख आजची. "आणि ही ऑर्डर त्या कोपऱ्यातल्या भाऊंनी दिलीये," तिने बोट दाखवलं. कारकून मॉडेलच्या मागे लपायला गेला आणि नाट्यगृह आडवं झालं.

मग काय विचारता! सगळं सभागृह उभं राहिलं. "एकमत कोणाला विचारून कोरलंत?" "आमचे पैसे, आणि आम्हीच मुके?" मघाशी हसलेले लोकच सगळ्यांत जोरात ओरडत होते. अध्यक्षबाईंनी पाच मिनिटं घंटा बडवली, शेवटी उठून जाहीर केलं, "सभा तहकूब! सुनावणी पुढच्या महिन्यात!"

ठराव मंजूर नाही, फेटाळलाही नाही. दोन्ही पट्ट्या वाया! पण दुकान उभं होतं. रॅकेटवाल्याने कपवाल्यांना मिठी मारली, मावशींनी गुच्छ मात्र बायकोला दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपवाले दुकान उघडून, पायावर पाय टाकून, येईल त्याला कालचा पराक्रम सांगत बसले होते. त्यांच्या सांगण्यात पर्स फारशी येत नव्हती. इतक्यात कारकून आला. श्वास आत घेण्याचंही भान कपवाल्यांना राहिलं नाही.

"पट्टी हवी," कारकून खाली बघत म्हणाला. "मजकूर तोच. एकमताने मंजूर. तारीख फक्त पुढच्या महिन्याची टाका."

"लाज नाही वाटत?" कपवाले गरजले. "कालचा तमाशा पुरला नाही? लोकांना गृहीत धरता? चालते व्हा!"

कारकून मुकाट्याने वळला. तो तीन पावलं गेला असेल नसेल, कपवाल्यांचा हात आपोआप पितळेच्या पत्र्याकडे गेला.

"अहो," त्यांनी घसा खाकरला. "साईज तीच ना?"

डबा घेऊन आलेली बायको दारातूनच म्हणाली, "यावेळी तीन कोरा! एक 'तहकूब'ची पण असू दे. आणि तिन्ही माझ्या पर्समध्ये!"