उपाशी कानांची साक्ष

तापीकाठच्या प्रकाशा गावातल्या मंदिरावर बॅटरीचा भोंगा बसला, त्याच वर्षी त्याच्या तारेविषयी उपसमिती नेमावी लागली. प्रश्न गंभीर होता. पहाटेचे भजन वर्षानुवर्षे तापीबाई म्हणत. चुनीलालशेटनी सुरतेहून रेशमी वेष्टणाची तार आणून देवाला अर्पण केली आणि नम्रपणे एवढेच सुचवले की, या तारेतून आवाज अधिक गोड येतो असे ठरल्यास पुढे त्यांच्या भगिनी जसोदाबाईंनी गावे. उंची तारेत साधा गळा घालणे बरे नव्हे. जुनी आणि नवी तार सारखीच ठरली, तर तापीबाई होत्या तिथेच.

श्रावणी सोमवारी तालुक्याहून एक साहेब मोजणीचे यंत्र घेऊन आले. दोन्ही तारा जोडून पाहिल्या. म्हणाले, "काटा एकाच जागी येतो. फरक नाही."

"साहेब," चुनीलालशेट हळूच म्हणाले, "आज सोमवार. तुमना यंत्रले उपास शे का?"

साहेबांनी यंत्राचे झाकण उघडले. यंत्रात सकाळीच दोन नवे सेल भरले होते. उपसमितीने तत्काळ ठराव केला : सेल खाऊन आलेल्या यंत्राचे माप देवकार्यात ग्राह्य धरू नये. मग सेल काढून, वर तापीचे पाणी शिंपडून रीतसर फेरमोजणी झाली.

सुरतेच्या तारेला काटा हलला नाही. "दखा, कशी शांत तार शे!" अध्यक्ष करणसिंग म्हणाले.

जुन्या तारेलाही हलला नाही. "हाई तारमा तर जीवच नहीं."

दोन्ही निष्कर्ष एकमताने मंजूर झाले.

आता उरली कानांची साक्ष. सोमवारचा उपास धरलेल्या गावातल्या बाया रांगेत बसवल्या; फरक ऐकू आला की हात वर करायचा. ज्या उपासकरी बाईला फरक ऐकू येणार नाही, तिने चोरून खाल्ले असे समजावे, असे पोटकलम घातले होते. मध्ये पडदा धरला. जसोदाबाईंनी एकच ओळ दोन तारांवर दोनदा म्हटली. रंजनाबाईंचा हात पहिल्या वेळीच वर गेला. दुसरी ऐकायची गरजच त्यांना भासली नाही. भिकुबाई ठार बहिऱ्या. त्यांनी दोन्ही हात वर केले.

शेवटी करणसिंगांनी विचारले, "तापीबाई, फरक पडस ना?"

हो म्हटले तर भजन गेले. नाही म्हटले तर व्रत.

"नहीं पडस, भाऊ."

"म्हंजे तुमना उपास मोडी ग्या!"

"मोडी ग्या ना? मंग भाकर वाढा. भूक बी लागेल शे."

ठरावाचा मान राखून समितीला भाकरी मागवावी लागली, वर लसणाची चटणी. फरक ऐकलेल्या साऱ्या बाया त्या ताटाकडे पाहत उपाशी बसल्या. तापीबाई सावकाश जेवल्या, हात धुतले आणि भोंग्याविनाच भजन म्हणायला घाटावर निघून गेल्या.

तुम्ही हसलात. हसा. रांगेत तापीबाईंची जागा रिकामी आहे आणि पडदा अजून धरलेला आहे. या, बसा, ऐका. फक्त उत्तर देण्याआधी शेजारणीचा हात वर आहे का, हे पाहू नका.