चप्पल घालून रेंगाळणारे आप्पा

शेजारचे आप्पा दारात येऊन "निघतोच" म्हणाले, की मी भाताला आधण ठेवायची. भात शिजून मुरला, तरी आप्पा आपले उंबऱ्यातच!

दौंडला आम्ही भाड्याच्या खोलीत राहत होतो, तेव्हाची गोष्ट. कोळशाची इंजिनं होती, वाळत घातलेलं धोतर संध्याकाळी काळं व्हायचं. आप्पा रेल्वेतून रिटायर झालेले सांधेवाले, गाड्यांचे रूळ बदलणारे. माझ्या माहेरचे, निमोण्याचे, म्हणून माझ्यावर हक्क. रोज वाटी घेऊन हजर. "पोरी, चमचाभर विरजण दे. बसत न्हाई, निघतोच."

मग एक पाय चपलेत, एक बाहेर, हात चौकटीला. शिरूरच्या बाजारातली मिरची, कुणाच्या तरी लग्नातली कच्ची जिलबी, सगळं निघायचं. निघायचे नाहीत ते आप्पा.

एकदा आमचे हे वैतागले. "आप्पा, किती रेंगाळता वो!"

आप्पा उलट खूश. "रेंगाळतोच की! पर अर्थ ठाव हाय का? आळशी बसतो. रेंगाळणारा उभा ऱ्हातो. काम उरकल्यालं असतं, वाट समोर असती, फकस्त पाय न्हाई म्हणतो. लई कष्टाचं काम हाय ते!"

हे समजावण्यात अर्धा तास गेला. उभ्यानेच.

"ह्यांना सिग्नलच पडत न्हाई," हे मला म्हणाले.

शेवटी मी शक्कल काढली. गाडगंभर दही लावून आप्पांना नेऊन दिलं. "घ्या. आता रोज यायची दगदग न्हाई."

"व्हय, बरं झालं," म्हणाले. एवढंच.

तीन दिवस आप्पा फिरकले नाहीत. माझा भात दोनदा करपला.

चौथ्या दिवशी मीच त्यांच्या घरात डोकावले. आप्पा कोरा चहा पीत बसलेले. बसलेले! गाडगं कोपऱ्यात, वरचं फडकं मी बांधलं तसंच.

"दूध कुठाय?"

"तुझी काकू गेली, तवापासनं रतीब बंद हाय."

"मग रोजचं विरजण?"

आप्पा ओशाळले. "मांजराला."

मी तडक घरी गेले, वाटी घेतली आणि परत त्यांच्या दारात उभी राहिले.

"आप्पा, आमचं विरजण संपलं. चमचाभर देता का?"

ते लगबगीने उठले, फडक्याची गाठ सोडायला लागले. "देतो की! बस ना पोरी."

"बसत न्हाई, निघतेच," म्हणत मी चौकटीला हात टेकला आणि एक पाय चपलेतून काढला.

आधण मी घरून निघतानाच उतरवून ठेवलं होतं.