इरावतीचं नको नको

रॉक आणि सोल या दोन संगीतप्रकारांची दोस्ती कशी जमवायची हे शिकायचं असेल, तर सरळ नेदरलँड्समधल्या हार्लेमला माझ्याकडे या. आठवडाभर मी बँकेच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढतो आणि शनिवारी बँडमध्ये गिटार वाजवतो. सोल गाणारी इरावती आमच्यात आणली तीही मीच. ती लायडनला संशोधन करते. बोलते इतकं हळू की ऐकणाऱ्यानेच ओशाळावं, पण गाते पोटातून! तिच्याकडून मी दोन सुरांच्या मध्ये गप्प राहायला शिकलो. माझ्याकडून ती धीटपणा शिकली, असं मी सगळ्यांना सांगत असतो.

जूनमध्ये आमच्या गल्लीच्या उत्सवात आम्ही तीन गाणी केली. खाली उतरलो तर आयोजक मारायकेबाई सायकल धरून समोर उभ्या.

"सप्टेंबरमध्ये मोठ्या चौकात कार्यक्रम आहे," त्या इरावतीला म्हणाल्या. "तू गाशील?"

सहा वर्षं समूहगायनात तिसऱ्या रांगेत उभं राहून इरावती याच प्रश्नाची वाट बघत होती. ती म्हणाली, "नको नको, मी कसली गाते!"

आता आपल्याकडे याचा अर्थ हो. समोरच्याने दोनदा आग्रह करायचा, मग आपण "बरं, एवढं म्हणताय तर" म्हणायचं. मीही आग्रहाची वाट बघत हसतमुखाने उभा राहिलो.

"बरं," मारायकेबाई म्हणाल्या. डायरीतलं नाव खोडलं आणि सायकलवर बसून निघून गेल्या.

"परत नाही विचारणार?" इरावतीने विचारलं.

"इथे जेवायलासुद्धा एकदाच विचारतात गं."

तिचे डोळे भरून आले. मला फार वाईट वाटलं. बारा वर्षं इथे काढलेल्या माणसाने तिला वेळीच कोपराने ढोसायला नको होतं का?

सोमवारी मी बाईंना फोन लावला. "अहो, तिचं नको म्हणजे हो होतं."

"ती नको म्हणाली, मी ऐकलं," बाई म्हणाल्या.

मग मी त्यांना पोह्यांच्या दुसऱ्या वाढीपासून लग्नातल्या आहेरापर्यंत आपली आग्रहाची पद्धत समजावली. पंधरा मिनिटांनी त्या थकून म्हणाल्या, "तिने स्वतः येऊन सांगावं. गुरुवारी, सव्वाचारला."

मी इरावतीची तयारी करून घेतली. "हे बघ, रॉकवाला लाजत नाही. विचारलं की हो म्हणायचं. आढेवेढे नकोत, 'तुम्ही म्हणाल तसं' नको. मनात असेल ते सरळ तोंडावर सांगायचं." बिचारीने तीन दिवस आरशासमोर सराव केला.

गुरुवारी बाईंनी विचारलं, "गायचंय?"

"हो."

"अर्धा तास एकटीने जमेल?"

"हो."

माझी छाती अभिमानाने फुगली.

"शेवटचं," बाई म्हणाल्या. "ती गिटार फार मोठ्याने वाजते, तुझा आवाज दबतो. नुसता पियानो ठेवला तर चालेल?"

मी निवांत होतो. आता मात्र ती संकोचणार, "रणजितदादाला काय वाटेल" म्हणणार.

"हो," इरावती म्हणाली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "सरळ सांगायचं म्हणालास ना, दादा? दोन वर्षं मनात होतं."

सप्टेंबरमध्ये ती अशी गायली की अख्खा चौक उभा राहिला. माझेही डोळे ओले झाले, खोटं कशाला बोलू? मला जागाही अगदी पहिल्या रांगेत होती. म्हणजे, त्या रांगेतल्या खुर्च्या मांडायला कुणी येईल का, असं बाईंनी विचारलं होतं, आणि मी घाईघाईने हो म्हणून बसलो होतो.