वर्ग चारची माती

माती सर्वांच्या पायाखाली असते, त्यामुळे तिच्याविषयी अधिकारवाणीने बोलण्यासाठी खाली वाकण्याची गरज नसते. या तत्त्वावर मृदा सर्वेक्षण कार्यालय चालत असे आणि उत्तम चालत असे.

सर्वेक्षकाने नोकरीच्या ऐन भरात अख्ख्या जिल्ह्याच्या मातीचा नकाशा काढला होता आणि सोबत 'बागकाम करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक पुस्तिका' लिहिली होती. पुस्तिकेत सहासष्ट खड्ड्यांचा उल्लेख आहे. त्यांपैकी एकोणीस प्रत्यक्ष खणले होते (उरलेले या एकोणिसांच्या स्वभावावरून ओळखले). वर्ग एक म्हणजे भुसभुशीत पोयटा, त्यात काहीही लावा. वर्ग दोन रेताड, पाणी घातलेलं क्षणात विसरणारी. वर्ग तीन चुनखडीची. वर्ग चार म्हणजे चिकण माती, ओली असताना लोणी, वाळली की वीट. शेरा: 'बागकामास अयोग्य, नाद सोडावा.'

जिल्ह्याच्या उत्तर टोकाला तो पोचला तेव्हा पाऊस लागला होता. त्याने जीपमध्ये बसूनच काम उरकलं. रस्त्याच्या ज्या बाजूची खिडकी उघडत होती ती बाजू वर्ग एक झाली. जिची काच अडकली होती ती वर्ग चार.

निवृत्तीनंतर बायकोने पसंत केलेलं घर नेमकं अडकलेल्या काचेच्या बाजूला निघालं. "इथे काही उगवायचं नाही," तो म्हणाला. बायकोने पुस्तिका वाचली नव्हती. लेखकाशी छत्तीस वर्षं संसार केल्यावर वाचायची गरज उरत नाही. तिने कुदळ मारली, वाफे केले आणि तिसऱ्या महिन्यात वीतभर लांबीची सरळसोट गाजरं उपसून ओट्यावर ठेवली.

चिकण मातीत गाजर वाकडं होतं, हे पुस्तिकेच्या बाराव्या पानावर त्यानेच लिहिलं होतं.

बायको बाजारात गेल्याचं बघून त्याने माळ्यावरचं, मातीचे नमुने उपसायचं जुनं गिरमिट काढलं आणि परसात चार ठिकाणी खाली घातलं. चारही वेळा हातभर काळाभोर पोयटा वर आला. त्याने भोकं बुजवली, वर पाय दाबला आणि आंघोळ केली.

पण शेजारच्या घरात निवृत्त मुख्याध्यापिका राहत. त्यांनी अठरा वर्षांपूर्वी पुस्तिकेवर विश्वास ठेवून सगळ्या अंगणात फरशी घातली होती. रोज संध्याकाळी त्या फरशीवर खुर्ची टाकून याच्या शेंगांच्या वेलाकडे बघत बसायच्या. ते बघून त्याच्या घशाखाली शेंगा उतरेनात.

"सांगून टाका की त्यांना," बायको म्हणाली.

"आधी रीतसर दुरुस्ती होऊ दे."

त्याने कार्यालयाकडे अर्ज केला. कार्यालयाने तो तातडीने तज्ज्ञ समितीकडे अभिप्रायासाठी पाठवला. समितीत एकच सभासद हयात असल्याने पाकीट त्याच्याच घरी आलं. सवयीने त्याने लिहिलं, 'अर्जदारास विषयाचं ज्ञान नाही. अर्ज फेटाळावा.' बायकोने ते वाचलं आणि कागद त्याच्याच पुढ्यात परत ठेवला. मग त्याने तो फाडला, दुसरा घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदाच सरकारी कागदावर लिहिलं, 'चूक माझी आहे. मी जीपमधून उतरलो नव्हतो.'

नकाशा सुधारला गेला. चारशे बारा घरं एका सहीने वर्ग एकमध्ये आली. त्याच संध्याकाळी तो शेजारी गेला.

"बाई, तुमच्या फरशीखाली सोनं आहे. हवं तर फरशी मी स्वतः उकरून देतो."

मुख्याध्यापिकांनी फरशीवरून एकदा पाय फिरवला.

"माझी बहीण दर उन्हाळ्यात येते," मग त्या म्हणाल्या. "तिच्याकडे गुलाबांचे ताटवे आहेत. अंगणावरून बोलायला लागली की मी तुमची पुस्तिका पुढे करते, की ती गप्प. आता मी काय पुढे करू?"

"मी मदत करेन ना."

"आणि माझं लिंबाचं झाड? ते मातीने मेलं नाही, तर मग कशाने मेलं?"

त्याला उत्तर माहीत होतं. कोपऱ्यातल्या झारीत कोळ्याने घर केलं होतं. पण हा प्रश्न मृदा विभागाच्या कक्षेत येत नव्हता.

"तुम्ही भले गृहस्थ आहात, भाऊ," त्या उठत म्हणाल्या. "पण असं कुणाच्या घरी येऊन सांगू नये."

घरी परतल्यावर तो काळोख पडेपर्यंत वाफ्याच्या कडेला बसून राहिला. खोटा नकाशा काढला तेव्हा त्याला एवढी शरम वाटली नव्हती.

महिनाभरात चारशे बारा घरांतून तीनशे सत्त्याण्णव हरकती आल्या. कुणाला पाठदुखी होती, कुणाच्या सासऱ्यांनी खुरपं विकत आणलं होतं. सर्वांची मागणी एकच: आमची माती होती तशी वाईट करून मिळावी. (उरलेल्या पंधरांपैकी चौदा घरांना कुलूप होतं, पंधरावं त्याचं स्वतःचं.)

कार्यालयाने लोकभावनेचा आदर केला. पुस्तिकेच्या नव्या आवृत्तीत नकाशा कोरा आहे. आपल्या मातीचा वर्ग वाचकाने स्वतःच लिहायचा. आजवर चारखेरीज दुसरा आकडा कुणी लिहिल्याचं कळलेलं नाही. वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांचीही सोय केली आहे: तुमच्या गॅलरीत त्या वाळक्या काड्यांची कुंडी आहे ना, तिच्यासाठी शेवटच्या पानावर वेगळा रकाना ठेवला आहे. पेन्सिल सोबत जोडली आहे.