शिक्क्याने किती वाकावे

भिंती ताठ उभ्या राहतात म्हणून गावं टिकतात, आणि माणसं वेळेवर वाकतात म्हणून संस्था टिकतात. या दोन गोष्टींची गल्लत झाली की दोन्हीकडून नुकसान ठरलेलं. आमच्या नागिसे गावच्या नगरपालिकेतला अभियंता हिदेमित्सु कुसाका याला हे ज्ञान वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत झालेलं नव्हतं. बावीस वर्षं त्याने नुसत्या भिंतीच पाहिल्या होत्या, बिचाऱ्याने.

त्यांतली एक भिंत गावामागच्या टेकडीची दरड अडवून उभी होती, आणि तिच्या पायथ्याशी तोमिए मावशींचं सार्वजनिक स्नानगृह होतं. भिंत सहा मीटर उंच, वयाने कुसाकापेक्षा मोठी, आणि बायकांच्या बाजूकडे तीन अंशांनी झुकलेली. (पुरुषांच्या बाजूकडे का नाही, यावर गावात बरंच बोलून झालं होतं.) कुसाका दर सोमवारी ओळंबा लावून तिचं माप घ्यायचा. सप्टेंबरच्या वादळांआधी तिची डागडुजी झाली नाही तर ती खाली येणार, असा बेचाळीस पानी अहवाल त्याने प्रांत कार्यालयाला पाठवला.

अहवाल परत आला. नव्या नियमानुसार अशा अहवालावर 'राष्ट्रीय दरडभिंत अभियंता परिषदे'च्या सभासदाचाच शिक्का लागतो. सभासद नसलेल्या माणसाने पाहिलेली भिंत झुकलेली आहे असं धरता येत नाही, असं कार्यालयाने अत्यंत सभ्य शब्दांत कळवलं होतं. सोबत अहवालाची बांधणी आवडल्याचंही लिहिलं होतं.

"अरे हिदे, तू एवढासा होतास तेव्हा तुझे कान मी घासलेत," मावशी गल्ल्यावरून म्हणाल्या. "तुला दिसतंय ना, भिंत वाकलीय ते?"

"दिसतंय, मावशी."

"मग सांग की त्यांना!"

"सांगितलं. माझं दिसणं त्यांना चालत नाही."

"अगं बाई! आणि पडली म्हणजे? आम्ही बायकांनी काय हातभर टॉवेल धरून रस्त्यावर उभं राहायचं? तू हो बाबा त्यांचा सभासद. एक अर्ज तर करायचाय. लगीन तर नाही ना करायचं!"

कुसाकाने मनावर घेतलं. खरं सांगायचं तर त्याच्या मनात ते आधीपासूनच होतं. परिषदेच्या सभासदांना कोटाच्या कॉलरवर लावायला निळा मिन्याचा एक बिल्ला मिळतो, नखाएवढा. तो लावलेला माणूस सभागृहात शिरला की बाकीचे आपोआप खुर्च्या सरकवतात. कुसाकाने बावीस वर्षं खुर्च्या सरकवल्या होत्या.

या परिषदेबद्दल दोन शब्द सांगितलेच पाहिजेत, कारण अशी संस्था लाभणं हे देशाचं भाग्य आहे. एकूण सभासद एकतीस हजार चारशे आठ. सरासरी वय एकाहत्तर. गेल्या वर्षात परिषदेने तपासलेल्या भिंती नऊ, दिलेल्या सत्कार-मेजवान्या दोनशे बारा, आलेल्या तक्रारी एक. (ती सुपाबद्दल होती, आणि तिची चौकशी अजून चालू आहे.) प्रवेशासाठी पदवी लागते, अनुभव लागतो, 'एक नम्र अभियंता म्हणून माझी वाटचाल' या विषयावर निबंध लागतो, आणि एका ज्येष्ठ सभासदाची शिफारस लागते. हे सगळं कुणालाही जमतं. म्हणूनच परिषद ते वाचत नाही.

परिषद पाहते ती अर्जाची शेवटची ओळ. तिथे चार चौकटी असतात. डावीकडून पहिली अध्यक्षांची, मग सचिवांची, मग शिफारस करणाऱ्याची, आणि सगळ्यांत उजवीकडे अर्जदाराची. चौकटीत ज्याने त्याने आपल्या नावाचा शिक्का लाल शाईत मारायचा. कुसाकाने जानेवारीत गुण्या लावून, श्वास रोखून, आयुष्यातला सर्वांत सरळ शिक्का मारला.

मार्चमध्ये अर्ज परत आला. शेरा दोन शब्दांचा: "शिक्का ताठ."

कुसाका तो कागद घेऊन माकिनो सरांकडे गेला. सर एक्याऐंशी वर्षांचे, परिषदेचे जुने सभासद, कॉलेजात त्यांनीच त्याला ड्रॉइंग शिकवलेलं, आणि शिफारसही त्यांचीच होती. सरांनी कागद पाहिला आणि कपाळावर हात मारला.

"अरे, असा छाती काढून मारलास? डावीकडे कोण बसणार आहे? अध्यक्ष! त्यांच्या शेजारी हा असा खांबासारखा उभा? वाकव जरा त्याला. नमस्कार करतोय असं दिसायला पाहिजे की नको?"

"किती वाकवू, सर?"

"हे विचारायचं नसतं."

"पण काही मर्यादा तर असेल. कमीत कमी, जास्तीत जास्त..."

"कुसाका," सर जवाचा गार चहा पुढे सरकवत म्हणाले, "तू फार चांगला अभियंता आहेस. म्हणून तर तुला अजून कुणी घेतलेलं नाही."

कुसाका घरी गेला आणि अभियंत्याने करायचं तेच त्याने केलं. जुन्या सभासदांच्या एकशे चाळीस कागदांवरचे शिक्के मोजले, सरासरी काढली, कोनमापक ठेवला आणि तीस अंशांत शिक्का मारला. मे महिन्यात उत्तर आलं: "शिक्का मोजून मारलेला दिसतो. मोजून केलेला नमस्कार परिषद स्वीकारत नाही." तिसऱ्या वेळी त्याने न मोजता पंचेचाळीस अंश वाकवला. शेरा: "लाचारी. अभियंत्यास शोभत नाही." चौथ्या वेळी, जुलैत, त्याने डोळे मिटून मारला आणि तो नेमका उजवीकडे कलला. उजवीकडे कोऱ्या समासाखेरीज काहीही नव्हतं. "अर्जदार नेमका कुणाला नमस्कार करत आहे?" या प्रश्नावर छाननी समितीची चार तास बैठक झाली. एका सदस्याने प्रतिस्पर्धी संस्थेचा हात असल्याचा संशय व्यक्त केला. (प्रतिस्पर्धी संस्था अस्तित्वात नाही, पण संशय इतिवृत्तात घेतला गेला.)

या काळात भिंत स्वस्थ बसली नव्हती. मार्चमध्ये ती साडेतीन अंशांवर होती, मेमध्ये चारवर, जुलैअखेर साडेपाचवर. कुसाका एकाच वहीत दोन रकाने ठेवायचा, एक भिंतीचा, एक शिक्क्याचा. एका सोमवारी तो ओळंबा लावून बसला असताना आतून मावशी आल्या.

"काय रे, भिंतीकडे बघून हसतोस? बरा आहेस ना?"

कुसाका दचकला. भिंत हळूहळू वाकायला शिकतेय, पण अजून जरा ताठच आहे, असा विचार त्याच्या मनात चालला होता. त्याला स्वतःची लाज वाटली. घरी जाऊन त्याने रकाने वेगळ्या वह्यांत केले.

"मावशी, पुढच्या अर्जाला नक्की होतंय," तो म्हणाला.

"होऊ दे बाबा लवकर. परवा माझ्या डोक्यावर वाटीभर माती पडली. मी म्हटलं, शाम्पू म्हणून चालेल."

परिषद कठोर नाही. चार वेळा नापास झालेल्यांसाठी तिने राजधानीत शिबिर ठेवलं आहे, 'शिक्का-विनय शिबिर', आठ ते दहा सप्टेंबर. वादळांचा हंगाम तोंडावर होता, पण शिबिर वर्षातून एकदाच होतं आणि भिंतीचा रस्ता आता तिथूनच जात होता. कुसाका अहवाल बॅगेत घालून गेला. शिबिरार्थी सतरा. एकाने धरण बांधलं होतं, एकाने दोन बोगदे. फोन पाकिटात घालून जमा करायचे, कारण फोनवर बोलताना माणसाचं मनगट ताठ होतं. पहिला दिवस मनगटाचा. दुसऱ्या दिवशी प्रत्येकी बाराशे कोऱ्या कागदांवर शिक्के. मार्गदर्शक पंच्याऐंशी वर्षांचे होते, ते प्रत्येकाच्या मागे उभं राहून फक्त "हं" किंवा "अं" म्हणायचे. दुपारपर्यंत कुसाकाला चार "हं" मिळाले, आणि डब्यातला भात त्याला गोड लागला.

तिसऱ्या दिवशी वादळ आलं. हॉटेलच्या खिडक्या थरथरल्या, जेवण गार आलं, आणि हवेतल्या दमटपणामुळे शाई वाळेना. शिबिर एक दिवसाने वाढवावं लागलं. असं संकट परिषदेच्या इतिहासात पहिल्यांदाच आलं होतं, आणि सगळ्यांनी ते धीराने सोसलं.

अकरा तारखेला परीक्षा झाली. कुसाकाने शिक्का उचलला, काहीही मोजलं नाही, काहीही मिटलं नाही, आणि मारला. मागून आवाज आला: "हं." मग थोडं थांबून दुसऱ्यांदा, "हं." आजूबाजूचे सोळा जण वळून पाहू लागले. त्या शिक्क्याचा कोन नेमका किती होता, तो आकडा नियमानुसार गोपनीय आहे.

फोन परत मिळाला तेव्हा त्यावर मावशींच्या स्नानगृहातून आलेले एकोणीस कॉल होते. सोमवारचं माप राहिलं म्हणून मावशी ओरडणार, हे कुसाकाने ओळखलं. त्याने एकदा उलट लावून पाहिला, लागला नाही. वादळात तारा तुटल्या असतील, असं तो म्हणाला, आणि त्या तुटल्याही होत्या.

आता अडचण उभी राहिली ती टपालाची. अर्ज हातोहात देणं उद्धटपणाचं मानलं जातं, तो टपालानेच यावा लागतो, आणि वादळामुळे टपाल बंद! कुसाकाने अर्ज पेटीत टाकला आणि राजधानीतच खोली घेऊन राहिला. रोज सकाळी तो टपाल कचेरीत जायचा. पिशव्या भिजल्या होत्या. शाई पसरली असेल तर? पसरलेल्या शिक्क्याचा कोन कसा धरणार? चार रात्री त्याला धड झोप नव्हती. पंधराला टपाल सुरू झालं. सोळाला अर्ज पोचला. सतराला खोलीच्या मालकिणीने खालून हाक मारली, "कुसाका-सान, तुमचं जाड पाकीट आलंय!" आणि कुसाका मोज्यांनिशी जिना उतरला.

शाई पसरली नव्हती. समितीचा शेरा: "विनय पुरेसा, लाचारी नाही. स्वीकारावे."

एकोणीस सप्टेंबरला समारंभ झाला. अध्यक्षांनी स्वतः बिल्ला लावला. कुसाकाचे डोळे भरून आले, आणि आपण कबूल करायला हरकत नाही, ऐकणाऱ्याचेही भरून येतात. तिथेच त्याने बॅगेतून बेचाळीस पानी अहवाल काढला आणि त्यावर शिक्का मारला, सरळ, कारण सभासदाला भिंतीपुढे वाकावं लागत नाही. प्रांत कार्यालयाने त्याच दुपारी निर्णय दिला: नागिसे येथील भिंत एकोणीस सप्टेंबरपासून अधिकृतपणे झुकलेली समजावी, व तातडीने दुरुस्त करावी.

भिंत दहा तारखेला पडली होती. दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी, स्नानगृह उघडायच्या आधी. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. मावशी आत एकट्याच फरश्या घासत होत्या. सकाळपासून माती येत होती, म्हणून त्यांनी एकोणीस वेळा फोन केला. विसाव्यांदा करायच्या ऐवजी, निदान फरश्या तरी स्वच्छ ठेवू, म्हणून त्या ब्रश घेऊन आत गेल्या. उजवा पाय मांडीपासून काढावा लागला.

कुसाका रुग्णालयात पोचला तेव्हा त्यांनी आधी त्याच्या कॉलरकडे पाहिलं.

"मिळाला का रे? छान दिसतो हो," त्या म्हणाल्या. कुसाकाने बिल्ला ओढून काढला, कॉलर टराटरा फाटली, आणि तो त्यांच्या पलंगाच्या कडेला डोकं टेकून लहान पोरासारखा रडला. मावशी त्याच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या.

त्याला दोष देणं सोपं आहे, आणि आपण तो देतच असाल. पण वाचकहो, एकोणीस कॉल आपणही वाचलेत. वादळाचं आपल्यालाही सांगितलं होतं. त्यानंतर आपण टपालाच्या पिशव्यांची काळजी केलीत, शाई पसरली नाही म्हणून सुटकेचा श्वास टाकलात, आणि भिंतीचं काय झालं हे एकदाही विचारलं नाहीत. परिषद अशाच गुणी माणसांच्या शोधात असते. राहता राहिला तो गोपनीय आकडा, जो आपल्या मनात अजूनही घोळतोय: साडेसतरा.